हायलँड्सच्या नकाशावरील गेलिक नावे : डोंगर आणि ओढ्यांचे अर्थ कसे लावावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या हायलँड्स भागात, मुख्यतः केर्नगॉर्म पर्वतात आणि स्काय बेटावर, पायी फिरण्याचा बेत आहे. मागवलेल्या नकाशावरील डोंगरांची आणि ओढ्यांची नावे वाचता येत नाहीत. शब्दसूची घेऊन अर्थ लावावा तर ‘निळी दगडांची रास’ किंवा ‘कोठाराचा डोंगर’ असे काहीतरी निघते आणि त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे कळत नाही. मी बरीच वर्षे त्या भागात वाटाड्याचे काम करीत आलो आहे आणि ही नावे समजून घेणे हा त्या कामाचाच भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्दसूच्या बहुधा चुकीच्या नसतात, पण अपुऱ्या असतात. गेलिक, म्हणजे हायलँड्सची जुनी भाषा, आणि तिच्यातले नाव म्हणजे खाली दरीत राहणाऱ्या, गुरे चारणाऱ्या आणि उन्हाळ्यात कुरणावर जाणाऱ्या माणसाने ठराविक जागेवरून पाहून केलेली नोंद असते. ती जागा कोणती आणि तिथल्या माणसाला त्या डोंगराशी काय कर्तव्य होते हे ठाऊक नसेल, तर शब्दाचा अर्थ बरोबर लागूनही नावाचा अर्थ लागत नाही. पुढे लिहिलेले बहुतेक सगळे या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी वाचनाची अडचण दूर करू, कारण भारतीय वाचक इथे एका ठरलेल्या जागी अडखळतो. रोमन लिपीत ‘बी’पुढे ‘एच’ दिसला की आपण सवयीने ‘भ’ वाचतो आणि ‘डी’पुढे ‘एच’ दिसला की ‘ध’ वाचतो. गेलिकमध्ये हा ‘एच’ महाप्राण दाखवत नाही. आधीचे व्यंजन मऊ झाले आहे एवढेच तो सांगतो. ‘बी-एच’ आणि ‘एम-एच’ यांचा उच्चार ‘व’ होतो, ‘टी-एच’ आणि ‘एस-एच’ यांचा ‘ह’ होतो, ‘सी-एच’ हा घशातला ख होतो आणि ‘एफ-एच’ तर बहुधा ऐकूच येत नाही. म्हणून जो डोंगर आपण ‘बेन भान’ असा वाचाल तो स्थानिक माणूस ‘बेन व्हान’ म्हणतो. शब्दकोशात शोधताना मात्र हा ‘एच’ काढून टाकून मूळ शब्द पाहावा लागतो, नाहीतर शब्द सापडत नाही. दुसरी खूण जोराची आहे. नावात विशेषण किंवा षष्ठीतला शब्द शेवटी येतो आणि जोर त्याच्यावर पडतो. ‘बेन व्होर’मध्ये तो ‘व्होर’वर आहे.

व्याकरणाचा एक भाग मराठी माणसाला सोपा जातो. गेलिकमध्ये नामाला लिंग असते आणि विशेषण त्याप्रमाणे बदलते. ‘बेन’, म्हणजे पर्वत, हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून मोठी ‘बेन’ ही ‘बेन व्होर’ होते. ‘कार्न’, म्हणजे दगडांची रास, आणि ‘म्यौल’, म्हणजे गोलसर उंचवटा, हे दोन्ही पुल्लिंगी आहेत, म्हणून तिथे ‘कार्न मोर’ आणि ‘म्यौल मोर’. योगायोगाने ओढ्याचा शब्द ‘औल्ट’ आपल्या ओढ्यासारखा पुल्लिंगी आहे आणि नदीचा ‘अव्हिन’ आपल्या नदीसारखा स्त्रीलिंगी. याखेरीज षष्ठीत शब्दाचे तोंडच बदलते. केर्नगॉर्ममधला ‘केर्न टूल’ हा १२९१ मीटर उंचीचा डोंगर याचे चांगले उदाहरण आहे. गेलिकमध्ये कोठाराला ‘सव्हल’सारखा शब्द आहे, षष्ठीत उपपदामुळे, म्हणजे इंग्रजी ‘द’सारख्या शब्दामुळे, त्याच्या आधी ‘ट’ येतो, मूळचा ‘स’ लिहिला जातो पण उच्चारला जात नाही, आणि इंग्रजी कानांनी जे ऐकले ते ‘टूल’ म्हणून नकाशावर बसले. तेव्हा कोठाराचा डोंगर हा आपण लावलेला अर्थ योग्यच आहे. डी नदीच्या बाजूने पाहिल्यास त्याचा माथा कोठाराच्या आढ्यासारखा दिसतो, असे त्याचे स्पष्टीकरण सहसा दिले जाते आणि मला ते पटते.

डोंगरासाठी गेलिकमध्ये कितीतरी शब्द आहेत आणि त्यांतला प्रत्येक शब्द डोंगराच्या आकाराबद्दल काही सांगतो, पण ते सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. ‘बेन’ सर्वत्र आहे. ‘स्गूर’ म्हणजे खडकाळ, टोकदार शिखर. तो स्काय, किनटेल आणि नॉइडार्ट या पश्चिम भागांत दाट आढळतो. ग्लेन को आणि लोखाबर भागात त्याच प्रकारच्या टोकाला ‘स्टॉब’ म्हणतात. पूर्वेकडे, जिथे डोंगर रुंद आणि माथे दगडगोट्यांनी भरलेले आहेत, तिथे ‘कार्न’ अधिक. अर्गाइलमध्ये ‘क्रुआख’, म्हणजे गंजी किंवा ढीग, हा शब्द पुष्कळ भेटतो. ‘म्यौल’ बघितला की गवताळ, गोलसर, फारसा चेहरा नसलेला डोंगर मनात धरावा. चढायला तो सोपा असतो, पण धुक्यात दिशा ठरवायला सर्वांत कठीण. शरीराच्या अवयवांचे शब्दही भरपूर आहेत. ‘ड्रुइम’ म्हणजे पाठ, अर्थात लांब धार. ‘गुअलन’ म्हणजे खांदा. ‘स्ट्रॉन’ म्हणजे नाक, आणि सह्याद्रीत जिला आपण सोंड म्हणतो तीच ही चीज; नकाशावर ‘स्ट्रॉन’ दिसली की ती शेवटी उभी तुटत नाही ना हे समोच्च रेषा पाहून ठरवावे. खिंडीला ‘ब्यालख’ किंवा पूर्वेकडे ‘लारिग’ म्हणतात. हिमनदीने कोरलेल्या, तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेल्या खोलगट जागेला ‘कॉरे’, म्हणजे कढई, हा शब्द आहे आणि तो इंग्रजी भूगोलात ‘कॉरी’ म्हणून जसाच्या तसा गेला आहे.

रंगांकडे वळू, कारण आपला निळा डोंगर तिथेच आहे. गेलिकमधील रंग आपल्या रंगांशी एकास एक जुळत नाहीत. ‘गॉरम’ म्हणजे निळा, पण हिरव्यागार गवतालाही तोच शब्द चालतो. ‘ग्लास’ करड्यापासून फिकट हिरव्यापर्यंत पसरतो. ‘लिअ’ हा राखाडी. लाल दोन आहेत : ‘ज्यारक’ भडक लाल आणि ‘रुअ’ तांबूस, ज्याला आपण बदामी किंवा विटकरी म्हणू. तरीही कार्न गॉरम, म्हणजे केर्न गॉर्म, हा १२४५ मीटरचा डोंगर जवळून निळा नाही आणि हिरवाही नाही. तो ग्रॅनाइटचा, फिकट गुलाबी-करडा आहे. मात्र स्पे नदीच्या खोऱ्यातून, आव्हीमोर गावाच्या बाजूने, स्वच्छ हवेत पाहिला की तो निळाच दिसतो, आणि नाव ठेवणारे त्याच खोऱ्यात राहत होते. गंमत म्हणजे ज्या संपूर्ण पर्वतरांगेला इंग्रजीत या एका डोंगराचे नाव मिळाले, तिला गेलिकमध्ये ‘अम मोनग रुअ’, म्हणजे तांबूस पर्वत, म्हणतात आणि स्पे नदीच्या पलीकडची रांग ‘अम मोनग लिअ’, म्हणजे राखाडी पर्वत, आहे. ही दोन नावे जोडीने वाचायची असतात. नदीकाठी उभे राहून एका हाताला तांबूस ग्रॅनाइट आणि दुसऱ्या हाताला करडे डोंगर, असा तो भेद आहे.

टोरिडन भागातला लिअहख, म्हणजे ‘राखाडी’, हा डोंगर याहून अवघड वाटतो, कारण तो बव्हंशी तांबूस वालुकाश्माचा आहे. पण त्याच्या काही माथ्यांवर क्वार्ट्झाइट या फिकट खडकाचा थर आणि त्याच्या सुट्या दगडांची घसरण आहे. १०५५ मीटरच्या त्याच्या सर्वोच्च शिखराचे नावही ‘राखाडी कॉरीचा सुळका’ असेच आहे. खडकशास्त्राचे पुस्तक उघडून नाव खोटे ठरवण्याआधी डोंगराचा कोणता भाग कुठून दिसतो हे पाहिले पाहिजे.

पाहण्याच्या जागेचा सर्वांत स्पष्ट दाखला बर्फाचा आहे. केर्न गॉर्मच्या उत्तरेला ‘कॉरे अन त्रेख्क’, म्हणजे हिमाची कॉरी, आहे; लिहिताना तिच्यात ‘स’ आहे, पण मघाच्या कोठाराप्रमाणेच तो मुका आहे. आता ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त काळ बर्फ टिकते ते इथे नाही. ते ब्रेरीआख डोंगराच्या गार्व्ह कॉरे मोर या खोल कढईत टिकते. विसाव्या शतकात तिथले बर्फ पूर्ण वितळल्याच्या नोंदी केवळ १९३३, १९५९ आणि १९९६ या वर्षांच्या आहेत. एकविसाव्या शतकात मात्र हे वारंवार घडू लागले आहे. तरीही त्या जागेचे नाव ‘मोठी खडबडीत कॉरी’ एवढेच आहे. कारण ती डोंगरांच्या पोटात दडलेली आहे आणि वस्तीतून दिसत नाही, तर हिमाची कॉरी स्पेच्या खोऱ्यातून वसंत ऋतू उलटेपर्यंत पांढरी दिसते. हिमाचे नाव मिळण्यासाठी ते लोकांच्या नजरेला पडणे आवश्यक होते.

‘मोर’ म्हणजे मोठा आणि ‘बेक’ म्हणजे लहान या शब्दांचा उंचीशी संबंध असेलच असे नाही. ते बहुधा जोडीतल्या शेजाऱ्याशी केलेल्या तुलनेचे आणि आकारमानाचे शब्द आहेत. ग्लेन कोच्या तोंडाशी बुअखल एटिव्ह मोर आणि बुअखल एटिव्ह बेक, म्हणजे एटिव्ह दरीचे थोरले आणि धाकटे गुराखी, उभे आहेत. तिथे थोरला १०२१ मीटर आणि धाकटा ९५८ मीटर, असा हिशेब नीट जुळतो. पण लोखनगार पर्वतावर ‘काख्क कार्न बेक’ हे ‘लहान’ टोक सुमारे ११५५ मीटर उंच आहे आणि तेच सर्वोच्च आहे, तर ‘मोर’ नावाचे टोक त्याहून पाचेक मीटरने ठेंगणे आहे. रुंदीने मात्र तेच मोठे आहे. या दोन्ही नावांतील पहिल्या शब्दाचा सरळ अर्थ विष्ठा असा होतो. तो दुसऱ्याच कुठल्या शब्दाचा अपभ्रंश असावा असे मानणारेही आहेत, पण गुराख्यांच्या भाषेत असे नाव असण्यात मला काही नवल वाटत नाही.

ओढ्यांबद्दल लोक क्वचितच विचारतात, आणि चालणाऱ्याच्या दृष्टीने खरी माहिती तिथेच असते. ‘औल्ट’ हा रोजचा शब्द डोंगरातल्या ओढ्यासाठी आहे, पण त्याचा जुना अर्थ उंचवटा किंवा कडा असा होता आणि आयर्लंडच्या गेलिकमध्ये त्याचा सख्खा शब्द आजही त्याच अर्थाने वापरला जातो. स्कॉटलंडमध्ये हे नाव कड्यांच्या मधून वाहणाऱ्या पाण्याकडे सरकले. म्हणूनच ‘औल्ट’ हा सहसा घळीतून, खडकावरून, उताराने धावणारा ओढा असतो. याउलट ‘फे’ या शब्दाचा अर्थ शीर किंवा स्नायू असा आहे आणि जमिनीच्या बाबतीत तो दलदलीतून वाट काढणाऱ्या मंद पाण्यासाठी, कित्येकदा त्या दलदलीसाठीच, वापरतात. नकाशावर ‘फे’ दिसली की पाय घोट्यापर्यंत भिजणार हे धरून चालावे. पूर्वेकडील डोंगरांत ‘कूखन’ म्हणून एक सुंदर शब्द आहे. तो ‘आंधळा’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे आणि हेदरच्या झुडपांखाली झाकून गेलेल्या, दिसण्याआधी ऐकू येणाऱ्या चिंचोळ्या ओहोळाला तो लावतात. ‘एस’ म्हणजे धबधबा, ‘फुअरन’ म्हणजे झरा, ‘इन्व्हर’ म्हणजे एक प्रवाह दुसऱ्याला किंवा समुद्राला मिळतो ती जागा. ‘आह’ म्हणजे उतार, नदी पायी ओलांडण्याची जागा. जिथे आज पूल नाही आणि नाव मात्र उताराचे आहे, तिथे पूर्वी गुरे पार होत असत, एवढी तरी खात्री बाळगावी; पावसानंतर तीच जागा सुरक्षित असेल असे मात्र नाही, कारण हे ओढे काही तासांत फुगतात.

पाण्याच्या रंगांनाही कारणे असतात. ‘औल्ट दू’, म्हणजे काळा ओढा, पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळपट थराच्या, जमिनीतून येतो आणि त्याचे पाणी गडद चहाच्या रंगाचे असते. त्यात काही घाण नसते. ‘ग्याल’, म्हणजे पांढरा, हे विशेषण फेसाळत कोसळणाऱ्या पाण्याला मिळते. ‘गार्व्ह’, म्हणजे खडबडीत, हे मोठमोठ्या धोंड्यांतून जाणाऱ्या प्रवाहाला. बेन नेव्हिसच्या उत्तर कड्याखालून उतरणारा ‘औल्ट अ व्हुलिन’ म्हणजे गिरणीचा ओढा. हे नाव ओढ्याच्या दिसण्यावरून पडलेले नाही, त्याच्या उपयोगावरून पडले आहे. याच वर्गात ‘आरी’ हा शब्द असलेली शेकडो नावे येतात. ‘आरी’ म्हणजे उन्हाळी कुरणावरची झोपडी. मे महिन्याच्या सुमारास बायका, मुले आणि गुरे वरच्या कुरणांवर जात, दूध-लोणी-चीज तिथेच होई आणि पीक कापणीच्या आधी सगळे परत येत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत जमीनदारांनी मेंढपाळीसाठी कुळांना हुसकावून लावले आणि ही रीत मोडली. आज ‘औल्ट ना हारी’ अशा नावाच्या ओढ्याकाठी नीट पाहिले तर आजूबाजूच्या तपकिरी रानात एखादा तुकडा विलक्षण हिरवा दिसतो आणि त्यात दगडी पायांचे अवशेष सापडतात. गुरांच्या शेणाने ती जमीन इतकी सुपीक झाली की ती अजून ओळखू येते. झाडांच्या नावांचेही असेच आहे. रोवन, बर्च किंवा पाइन यांची नावे बाळगणारे डोंगर आणि ओढे आज पुष्कळदा उघडेबोडके असतात. तिथे नाव चुकले असे समजू नये. झाडे गेली, एवढेच.

ओढ्यांची आणि कॉरींची नावे आधीची आणि डोंगराची नंतरची, ही गोष्ट लक्षात आली की अर्धा नकाशा उलगडतो. शिखराच्या माथ्यावर गुराख्याला काही काम नव्हते. त्याचे काम कॉरीतल्या चाऱ्याशी आणि ओढ्यातल्या पाण्याशी होते, त्यामुळे त्यांना नावे मिळाली आणि वरच्या टोकाला गरज पडेल तेव्हा त्यांचेच नाव उसने दिले गेले. ‘स्टॉब कॉरे एसन’ म्हणजे छोट्या धबधब्याच्या कॉरीचे टोक. लोखनगार हे तर मुळात डोंगराचे नावच नाही. कड्यांच्या पायथ्याशी असलेल्या तळ्याचे ते नाव, ‘गर्जनेचे लहान तळे’ अशा अर्थाचे. डोंगराचे जुने नाव स्तनांचा डोंगर अशा अर्थाचे होते. १८९१ मध्ये ह्यू मन्रो यांनी तीन हजार फुटांवरील, म्हणजे ९१४.४ मीटरवरील, शिखरांची यादी प्रसिद्ध केली, आणि सध्या २८२ शिखरे असलेल्या त्या यादीमुळे प्रत्येक उंच टोकाला एक पक्के नाव असलेच पाहिजे अशी समजूत रूढ झाली. खाली राहणाऱ्यांना तशी निकड कधीच भासली नव्हती. त्यामुळेच एकट्या त्या यादीत कार्न ज्यारक, म्हणजे लाल रास, हे नाव तीनदा येते. प्रत्येक खोऱ्याला आपला एक लाल डोंगर पुरेसा होता. आपण कुणाला मार्ग सांगाल तेव्हा डोंगराच्या नावासोबत खोऱ्याचे नाव अवश्य सांगा.

मोठ्या नद्यांना मात्र हे नियम लागू करू नयेत. टे, क्लाइड, डी, नेस ही नावे गेलिक भाषा तिथे पोहोचण्याआधीची आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी या भूगोलकाराने नोंदवलेल्या नावांत ‘क्लोटा’ आणि ‘टाव्हा’ ही क्लाइड आणि टे यांची रूपे ओळखता येतात. गेलिक बोलणाऱ्यांनी ती तशीच स्वीकारली. जिथे प्रवाह मिळतात त्या जागेसाठी पूर्वेकडे ‘अॅबर’ आढळतो, जसे अॅबर्डीन, आणि हा शब्दही गेलिकचा नाही. तो आधीच्या पिक्टिश किंवा ब्रिटॉनिक लोकांचा आहे, तर इन्व्हरनेसमधला ‘इन्व्हर’ गेलिक आहे. याच कारणाने बेन नेव्हिसचा, म्हणजे ब्रिटनमधील १३४५ मीटरच्या सर्वोच्च पर्वताचा, ‘विषारी’ किंवा ‘स्वर्गाला भिडलेला’ असा जो अर्थ पर्यटकांच्या पुस्तकांत हमखास सापडतो तो मी सांगत नाही. नेव्हिस हे त्याच्या पायथ्याच्या नदीचेही नाव आहे आणि त्याचे मूळ वादग्रस्त आहे. केर्नगॉर्ममधील अॅव्हन नदीचे नाव तर नवख्याला हमखास फसवते. इंग्लंडमधल्या अॅव्हन नद्यांचा अर्थ ‘नदी’ असाच आहे, म्हणून इथेही तोच असावा असे वाटते. परंतु इथले गेलिक रूप वेगळे आहे, त्याचा अर्थ ‘अतिशय उजळ’ असा लावला जातो आणि स्थानिक उच्चारही ‘आन’ असा आहे. त्या पाण्याचा पारदर्शकपणा पाहिल्यावर हा अर्थ कुणालाही पटेल.

स्काय बेटावर आणखी एक थर आहे, तो नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, लोकांचा. नवव्या शतकापासून काही शतके या बेटांवर त्यांची सत्ता होती. ब्लाव्हेन या डोंगराच्या नावात बहुधा ‘निळा’ हा नॉर्स शब्द आणि ‘बेन’ हा गेलिक शब्द एकत्र आले आहेत. मुख्य भूमीवरच्या सुल्व्हेनमध्येही तसेच आहे : नॉर्समधला खांब आणि गेलिकमधला पर्वत, आणि पश्चिमेकडून, समुद्रावरून पाहिल्यास तो खरोखर खांबासारखा दिसतो, नॉर्स लोक आलेही समुद्रावरूनच. स्कायवरच्या काळ्या कुलिन या पर्वतरांगेच्या धारेवर मात्र सावध राहावे, कारण तिथली काही नावे गेलिक असूनही जुनी नाहीत. ९९२ मीटरचे स्गूर अलस्टर हे सर्वोच्च शिखर १८७३ मध्ये अलेक्झांडर निकोल्सन यांनी सर केले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. जवळचे एक टोक जॉन मॅकेन्झी या प्रसिद्ध स्थानिक वाटाड्याच्या, तर दुसरे चार्ल्स पिल्किंग्टन या गिर्यारोहकाच्या नावाचे आहे. त्याच धारेवर स्गूर ना बनख्दिख आहे, ज्याचा अर्थ कुणी देवीच्या रोगाशी जोडतात आणि कुणी दूध काढणाऱ्या बायकांशी. मी दोन्ही सांगतो आणि पुढे चालू लागतो.

आता नावे नकाशावर कशी पोहोचली त्याविषयी. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेने हायलँड्सची तपशीलवार मोजणी मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केली. प्रत्येक नावासाठी नामवह्यांत लेखनाची वेगवेगळी रूपे, त्यांना दुजोरा देणाऱ्या व्यक्ती आणि जागेचे छोटे वर्णन नोंदवले जाई. या वह्या आज संगणकावर पाहता येतात, आणि मी कुठल्याही नावासाठी शब्दकोशाआधी त्या उघडतो. त्यांत एक दोष आहे : दुजोऱ्यासाठी जमीनदार, त्यांचे कारभारी, पाद्री आणि शाळामास्तर यांना मान होता, ज्याला ती घळ पायाखालची होती त्या मेंढपाळाला तितका नव्हता. सभ्यतेच्या कल्पनाही मध्ये आल्या. केर्न टूलच्या दक्षिणेचा एक टोकदार डोंगर इंग्रजीत ‘सैतानाचे टोक’ म्हणून ओळखला जातो. गेलिकमध्ये तो सैतानाचे लिंग आहे. व्हिक्टोरिया राणीने त्याचा अर्थ विचारला तेव्हा तिचा सेवक जॉन ब्राऊन याने लाजेखातर हे भाषांतर केले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, अशी सौम्य केलेली नावे एकटीदुकटी नाहीत.

एखाद्या नावाचा अर्थ वादग्रस्त असेल तर आजूबाजूची नावे तपासणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. पर्थशरमधील शिहॅलियन हा १०८३ मीटरचा पर्वत घ्या, जिथे १७७४ मध्ये नेव्हिल मास्केलाइन यांनी डोंगराच्या गुरुत्वाकर्षणावरून पृथ्वीची घनता काढण्याचे प्रसिद्ध निरीक्षण केले. त्याचा अर्थ ‘कॅलिडोनियन लोकांचा, म्हणजे रोमन काळातील तिथल्या जमातीचा, परींचा डोंगर’ असा लावतात. एकटे नाव पाहिले तर हा अंदाज धाडसी वाटेल. पण काही अंतरावरचे डंकेल्ड गाव गेलिकमध्ये ‘कॅलिडोनियन लोकांचा कोट’ या अर्थाचे आहे आणि त्याच परिसरात रोहॅलियन या जागेच्या नावात तोच शब्द पुन्हा येतो. तीन नावे एकमेकांना आधार देतात तेव्हा मी ‘बहुधा’ हा शब्द गाळतो. याउलट ब्रिज ऑफ ऑर्कीजवळच्या बेन डोरनमध्ये ‘दोव्हरन’ हा शब्द आहे, जो पाण्याच्या जुन्या शब्दापासून आला असून त्याचा अर्थ ओहोळही होतो आणि पाणमांजरही. डोंगराच्या नावात पाणमांजर आकर्षक वाटते, म्हणून लोक तेच सांगतात. ओढ्यांवरून डोंगरांना नावे मिळण्याची रीत पाहता मी ओहोळाच्या बाजूने कौल देतो. अठराव्या शतकात याच डोंगरावर शिकारीच्या रानाची राखण करणारा कवी डंकन बान मॅकिन्टायर याने त्यावर दीर्घ काव्य रचले. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, पण डोंगराची एकेक घळ आणि एकेक झरा त्याला नावानिशी ठाऊक होता. अशी माणसे आता फार उरलेली नाहीत. १८९१ च्या जनगणनेत गेलिक बोलणारे सुमारे अडीच लाख होते, २०११ मध्ये सुमारे सत्तावन्न हजार, आणि त्यांतील बहुतेक पश्चिमेकडील बेटांवर किंवा शहरांत राहतात. केर्नगॉर्मच्या ज्या खोऱ्यांत ही नावे पडली तिथे स्थानिक बोली विसाव्या शतकात संपली. एखाद्या जुन्या शिकारखात्यातील माणसाच्या किंवा मेंढपाळाच्या तोंडचा उच्चार ऐकायला मिळाला, तर तो छापील लेखनापेक्षा वेगळा असला तरी टिपून ठेवावा. लेखन बदलले गेले असेल, पण कान सहसा पिढ्यान्‌पिढ्या तोच शब्द पुढे देतात.

आपल्या बेतापुरते सांगायचे तर केर्न गॉर्मच्या वाहनतळापासून सुरुवात कराल ती ‘कॉरे कास’, म्हणजे उभ्या चढाच्या कॉरीत. पठारावर पोहोचून अॅव्हन सरोवराकडे उतरायचे ठरवले तर ‘कॉरे डोव्हन’, म्हणजे खोल कॉरी, आणि तिच्या शेजारची, रॉबर्ट नावाच्या कुणाची तरी कॉरी, या दोन वाटा समोर येतील. दोन्ही उभ्या आहेत आणि ओल्या दिवसात निसरड्या. पलीकडे पठारावरून ‘फे बुये’, म्हणजे पिवळी फे, खडकांच्या फरश्यांवरून सरोवराच्या डोक्याशी कोसळते. वर ती नावाप्रमाणे दलदलीतून संथ येते, पण कडा गाठल्यावर तिचा धबधबा होतो. जूनमध्ये त्या फरश्यांवर बर्फ शिल्लक असण्याची शक्यता असते आणि त्याच्या खालून पाणी वाहत असते, त्यामुळे तिथून उतरू नये. शेजारचा ‘गार्व्ह उश्क’, म्हणजे खडबडीत पाणी, पाऊस झाल्यावर ओलांडता येत नाही. तेव्हा परतीची वाट त्याच्यावर अवलंबून ठेवू नये.